अंगणात पेव्हर घालताना पैसा कुठे खर्च करायचा, कुठे वाचवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे, केसनंदच्या बाजूला दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेलं बैठं घर. फाटकापासून पोर्चपर्यंतची गाडीची वाट आणि पुढचं अंगण मिळून ४५ फूट बाय २० फूट, म्हणजे ९०० चौरस फूट जागा. आजवर तिथे नुसता मुरूम आहे. उन्हाळ्यात धूळ आणि भट्टीसारखी धग, पावसाळ्यात चिखल. दोन-तीन वर्षांत घर विकून मुलीजवळ बाणेरला जायचा विचार आहे. वाळवंटी भागातल्या घरांसाठी दिलेले सल्ले वाचनात आले: फिकट रंगाचे पेव्हर घाला, घराची किंमत वाढते. तर कमी खर्चात कोणते पेव्हर घ्यावेत, आणि किंमत खरंच वाढते का?

मी सव्वीस वर्षं पुण्यात आणि आसपास याच कामात आहे. बंगले, रो-हाऊस, सोसायट्या, गोदामांची आवारं, सगळीकडे फरसबंदी केली आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. ६० मिलिमीटर जाडीचा, मशीनवर दाबून केलेला, साधा आयताकृती राखाडी ब्लॉक घ्या. तो सगळ्या ९०० फुटांत घालू नका, साधारण निम्म्या जागेत घाला. त्यातून जे पैसे वाचतील ते ब्लॉकच्या खाली घाला, म्हणजे खोदाई, भराव आणि दबाई यांत.

किमतीचं आधी बोलू, कारण तुमचा निर्णय त्यावर आहे. सरकारी रेडी रेकनर जमीन आणि बांधकाम बघतो, अंगणात कोणते ब्लॉक आहेत हे तो बघत नाही. बँकेचा व्हॅल्युअर आला तर त्याच्या अहवालात कंपाउंड भिंत, पाणी, ड्रेनेज यांच्या जोडीला फरसबंदीची एखादी ओळ येते, पण ती फार तर खर्चाच्या आसपासची. म्हणजे लाख घातले आणि तीन लाख वसूल झाले, असं इथे होत नाही. फरक पडतो तो गिऱ्हाइकाच्या मनात. घर बघायला आलेला माणूस फाटकातून आत येतो तेव्हा त्याच्या पायाखाली सगळ्यात आधी तुमचं अंगण येतं. ते सपाट असेल, कुठे डबकं नसेल, भिंतीच्या कडेला खचलेलं नसेल, तर त्याला घर नीट राखलेलं वाटतं आणि घासाघीस कमी होते. उलट नवे कोरे रंगीत ब्लॉक आहेत पण चाकोरीत दोन इंचांचा खळगा पडलाय, तर तो लगेच विचारतो, खाली भराव आहे का? मग पायापर्यंत शंका जाते. मुरूमाचं साधं अंगण परवडलं, पण खचलेले पेव्हर विक्रीला बाधक ठरतात. तुम्ही दोन-तीन वर्षांनी विकणार आहात, म्हणजे हे काम दोन-तीन पावसाळे काढून गिऱ्हाइकासमोर उभं राहणार आहे. त्या दिवशी ते कसं दिसेल, याचा विचार करून खर्च करा.

आता वाळवंटातल्या सल्ल्यांबद्दल. ते चुकीचे नाहीत, त्यांच्या जागी बरोबर आहेत. कोरड्या, वाळूच्या जमिनीवर पाणी झिरपून जातं आणि जमीन फुगत नाही. पाऊसच कमी, त्यामुळे तळ मऊ पडायचं भय कमी. तिथे खरा प्रश्न उन्हाचा आणि रंग उडण्याचा, म्हणून सल्ला रंगाभोवती फिरतो. आपल्या पूर्व पुण्याकडे ऊन तसंच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाऊसही घाटाकडच्या मानाने कमी. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या थोडा वर पडतो, शिरूर-दौंडकडे जावं तसा तो ५००च्या घरात येतो. पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि आपल्या पायाखाली बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तुमच्याकडच्या एखाद्या पडीक शेतात जाऊन बघा, भेगेत अख्खा हात जातो. त्या मातीवर अंगण बसवलं तर दरवर्षी ते एकदा वर उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. वरचा ब्लॉक कितीही महाग असू द्या, या हालचालीपुढे त्याचा इलाज नाही.

म्हणून पहिलं काम: मिस्त्रीला बोलावण्याआधी अंगणात तीन खड्डे घ्या. एक फाटकाशी, एक मध्यावर, एक घराच्या जोत्यापासून दोन फुटांवर. प्रत्येकी दोन फूट खोल. एक बिगारी अर्ध्या दिवसात तिन्ही खणून देईल. कुदळ लागल्यावर खडखड आवाज येऊन पिवळट-तांबूस कठीण मुरूम लागला तर तुमचं नशीब चांगलं. काळी, हातात मळली की चिकटणारी माती लागली तर हिशोब वेगळा होतो.

कठीण मुरूम असेल तर वरचा दहा वर्षं चाकाखाली चोपला गेलेला मुरूम फेकून देऊ नका. तो खरवडून, ढाळ देऊन, पाणी मारून पुन्हा दाबला की तोच तुमचा तळ. तिथे एकूण जाडी लागते ती अशी: ६० मिलिमीटर ब्लॉक, खाली ३० मिलिमीटर कच (क्रशरवरची बारीक चुरी), त्याखाली १५० मिलिमीटर दाबलेला मुरूम. सगळं मिळून साडेनऊ इंच. काळी माती लागली तर याखाली आणखी ९ इंच दगडाचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, घालावं लागतं, म्हणजे एकूण दीड फूट खोदाई. सोलिंगमधल्या फटी मुरूमाने भरून घ्यायच्या, नाहीतर वरचा माल हळूहळू खाली गळत राहतो. परवडत असेल तर मातीवर आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. माती आणि दगड एकमेकांत मिसळत नाहीत, आणि एवढ्या जागेला त्याचा खर्च फार येत नाही.

तिसरा खड्डा जोत्याजवळ का, ते माझ्या एका कामावरून सांगतो. धंद्यात पडून चार-पाच वर्षं झाली होती. हडपसरच्या बाजूला एक नवा बंगला होता, वास्तुशांतीची तारीख ठरलेली, आठवडा हातात. मी अंगण उकरून मुरूम टाकला, दाबला, ब्लॉक बसवले. तारखेला सगळं झकास दिसत होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर मालकांचा फोन आला. जाऊन बघतो तर जोत्याच्या कडेने, बरोब्बर दोन हात रुंदीची, घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ पट्टी खचलेली. मधलं अंगण जसंच्या तसं. मी गुडघ्यावर बसून चार ब्लॉक काढले, खालचा कच काढला, पहार टेकवली तर ती हातभर आत गेली. पायाचा चर खणताना निघालेली माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सगळं तसंच परत त्या चरात लोटलेलं होतं आणि ते कधी चोपलेलंच नव्हतं. मी ते बघायला हवं होतं, बघितलं नाही. त्या पट्टीत पाणी साठून हॉलच्या भिंतीला दोन फुटांपर्यंत ओल चढली होती. ती पट्टी मी माझ्या पैशाने पुन्हा केली. रंगाचा खर्च मालकांना पडला, आणि त्याची टोचणी मला आजही आहे. तेव्हापासून जोत्याच्या कडेला खड्डा घेतल्याशिवाय मी दर देत नाही. तुमचं घर दहा-बारा वर्षं जुनं आहे, त्यामुळे तिथला भराव बराच बसलेला असेल, पण पहार टेकवून बघाच.

दबाई थरांनी व्हायला हवी. मुरूमाचा एका वेळी तीन-चार इंचांचा थर, त्यावर शिंपडल्यासारखं पाणी आणि मग बेबी रोलर किंवा प्लेट व्हायब्रेटर. पाणी एवढंच, की मूठ वळली तर गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये. नऊ इंच मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे दोन-तीन इंचच दबतात. तळ तयार झाला की तुमचीच गाडी त्यावरून दोनदा पुढे-मागे न्या. टायरची खूण उमटून राहिली तर पुन्हा दबाई. ब्लॉक बसवायची परवानगी या चाचणीनंतरच द्या, आणि त्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.

आता ब्लॉककडे येऊ. पेव्हिंग ब्लॉकचं भारतीय मानक आहे आयएस १५६५८. २००६ साली ते आलं तेव्हा त्यात घराच्या आवारातली वाट ही सगळ्यात हलक्या वर्गात धरली होती, ५० मिलिमीटर आणि एम-३० ग्रेड (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त). कार पार्किंग आणि वसाहतींचे रस्ते त्याच्या वरच्या वर्गात, ६० मिलिमीटर आणि एम-३५. त्या हिशोबाने तुम्हाला ५० चालेल. तरी मी ६० म्हणतो, कारण आपल्याकडे फाटकातून नुसती गाडी येत नाही. घर बदलताना टेम्पो येतो, कधी वाळूची ट्रॉली येते. आणि तुमच्या भागात पाण्याचा टँकर. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन. तो आत येऊन जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडत असेल तर त्या पट्ट्यात ८० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खाली जाड तळ लागेल. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे टाकीपासून कंपाउंडपर्यंत एक पाइप टाकून ठेवा. टँकर बाहेर रस्त्यावर उभा राहील आणि तिथूनच पाणी सोडेल. अंगण वाचेल.

बाजारात दोन जातींचे ब्लॉक मिळतात, आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवले की माणूस चुकीचाच उचलतो. एक रबरी साच्यात ओलं काँक्रीट ओतून केलेला. वरून चकचकीत, गडद लाल-पिवळा, फुला-पानांची नक्षी. दुसरा मशीनवर व्हायब्रेशन आणि दाब देऊन केलेला. दिसायला खरबरीत आणि साधा. चकचकीत ब्लॉक पावसात शेवाळला की त्यावर पाय ठरत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर तो घेऊच नका. दाबाच्या ब्लॉकची मापं एकसारखी येतात, त्यामुळे दरजा, म्हणजे दोन ब्लॉकमधल्या फटी, सरळ राहतात. रबरी साच्यातही कोणी मन लावून चांगला माल काढतो, पण स्वस्तात मिळणाऱ्यात तो क्वचित असतो.

यार्डात गेल्यावर काय करायचं ते सांगतो. विक्रेत्याने वरचा ठेवणीतला ब्लॉक पुढे केला तरी तुम्ही थप्पीच्या मधून चार-पाच काढा. दोन हातांत दोन घेऊन एकमेकांवर हलकेच आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे. थप आवाज आला तर आत पोकळ किंवा कच्चा आहे. कडेवर नखाने किंवा किल्लीने ओरखडा काढा, पीठ सुटायला नको. मग एक ब्लॉक विकत घेऊन तिथेच फोडायला सांगा. आतली खडी बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली दिसावी. खडीच्या भोवती छोटी भोकं दिसली तर दाब कमी पडलाय. रंगीत ब्लॉक असेल तर रंगाचा थर किती जाड आहे ते याच तुकड्यात कळतं. नुसता वरवर शिंपडलेला रंग पोपडा होऊन निघतो.

घरी करायची एक परीक्षा मला फार विश्वासाची वाटते. २०० बाय १०० मिलिमीटरचा, ६० जाडीचा आयताकृती ब्लॉक साधारण पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. असे तीन ब्लॉक आणा, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा आणि वाण्याच्या काट्यावर वजन लिहून ठेवा. मग चोवीस तास बादलीत पूर्ण बुडवा, बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वजन करा. मानक सांगतं की पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. पावणेतीन किलोच्या ब्लॉकला ते होतात साधारण १६५ ग्रॅम. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवतात, त्यामुळे घरचा आकडा थोडा कमीच येतो. म्हणजे घरीच १६५च्या वर गेला तर तो माल नक्की नापास. पाणी पिणारा ब्लॉक शेवाळ धरतो, लोणा (पांढरी पूड) फेकतो आणि त्याच्या कडा लवकर झडतात.

यार्डात आणखी एक गोष्ट बघा: ताज्या थप्प्यांवर पाणी मारतात का, गोणपाट किंवा प्लास्टिक झाकलंय का. उन्हात तसाच वाळवलेला ब्लॉक वरून कोरडा दिसतो पण आतून पिकत नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची मोजतात. तेव्हा माल किती दिवसांचा आहे हे विचारा, आणि तुमच्या घाईसाठी आठवड्याचा माल घेऊ नका.

रंगाचं म्हणाल तर तुम्ही वाचलेला सल्ला इथे कामाचा आहे. फिकट पृष्ठभाग कमी तापतो, काळा दगड किंवा गडद ब्लॉक दुपारी अनवाणी पायाला चटका देतो. साधा सिमेंटचा राखाडी ब्लॉक मुळातच बऱ्यापैकी फिकट असतो, सगळ्यात स्वस्त असतो आणि त्यात उडायला रंगच नसतो. लाल-पिवळे रंग आयर्न ऑक्साइडचे असतील तर उन्हात टिकतात. हलक्या प्रतीचे रंग दोन उन्हाळ्यांत विटतात. हौस असेल तर कडेने एकच ओळ गेरूसारख्या लाल ब्लॉकची घ्या, अंगणाला काठ आल्यासारखं दिसतं. धग मात्र रंगापेक्षा सावलीने जास्त कमी होते. पश्चिमेच्या बाजूला चार बाय चार फुटांचं आळं मोकळं सोडून कडुनिंब किंवा बहावा लावा. विकायच्या वेळेपर्यंत झाड डोक्याच्या वर गेलेलं असेल. गुलमोहर, उंबर, पिंपळ यांना अंगणापासून लांब ठेवा, त्यांची मुळं ब्लॉक उचलतात.

पैसे वाचवायची सगळ्यात मोठी जागा क्षेत्रफळात आहे. गाडीला चालायला दोन चाकांपुरत्या पट्ट्या पुरतात. फाटकापासून २५ फुटांपर्यंत अडीच अडीच फूट रुंदीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर १२५ चौरस फूट. त्यापुढे गाडी उभी करायला १८ बाय १२ फूट, म्हणजे २१६. फाटकापासून दारापर्यंत चार फुटी पायवाट, ३० फूट धरली तर १२०. सगळं मिळून ४६१. उरलेल्या जागेत तोच जुना मुरूम दाबून त्यावर दीड-दोन इंच १२ मिलिमीटरची खडी, आणि कुठे कुठे झाडांचे वाफे. खडी क्रशरची, धारदार कोपऱ्यांचीच घ्या. ती एकमेकांत अडकून बसते. नदीतला गोल गोटा चाकाखाली पळतो. खडीच्या भागातून रोजचं चालणं किंवा स्कूटर जाणार नाही असा आराखडा करा, कारण तिथे चाक घसरतं. ४६१ फुटांना २०० बाय १०० चे साधारण २,१५० ब्लॉक लागतात, फुटतूट धरून २,२५० मागवा. सगळं अंगण भरायचं म्हटलं तर हाच आकडा ४,४०० च्या आसपास जातो. खोदाई, मुरूम, कच, मजुरी, सगळंच जवळपास निम्म्यावर येतं. आणि तुमच्या घराला ते दिसायलाही शोभेल, सपाट राखाडी मैदानापेक्षा पट्ट्या, पायवाट आणि झाडं बघणाऱ्याला जास्त आवडतात.

बाकीचे पर्याय थोडक्यात. शहाबादी फरशी मला मनापासून आवडते, वाड्यांच्या चौकांत ती पिढ्यानपिढ्या टिकली आहे, पण गाडीखाली ती पोकळ बसली की तडकते आणि नीट बसवायला पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) लागतं. पार्किंग टाइल्सचंही तेच, खालचं काँक्रीट हललं की टाइल बोलायला, म्हणजे पोकळ वाजायला लागते. घडीव काळ्या दगडाचे कॉबल शंभर वर्षं टिकतील, पण मजुरी जड आणि उन्हात तापतात. ग्रास पेव्हर तुमच्या भागात घेऊ नका. टँकरच्या पाण्यावर लॉन जगवायचं म्हणजे दर महिन्याचा खर्च, आणि विकायच्या वेळी नेमकी वाळकी हरळी दिसते.

दारासमोरची एक जागा मात्र वेगळी ठेवा. ब्लॉकच्या कडांना उतार असतो आणि दर चार-आठ इंचांवर दरज, त्यामुळे त्यावर रांगोळी नीट उमटत नाही. उंबऱ्यासमोर चार बाय पाच फुटांचा तुकडा शहाबादीचा किंवा कडप्प्याचा घ्या, खाली पीसीसी घालून. तिथे गाडी येत नाही, त्यामुळे फरशी तडकायची भीती नाही. रोजचा सडा पडेल, तुळशीला पाणी घालताना पाय घसरणार नाही. आपल्याकडे घर बघायला येणाऱ्या बायकांचं लक्ष आधी इथेच जातं, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

पाण्याचा ढाळ कामाच्या पहिल्या दिवशी ठरवा. दहा फुटाला दोन ते अडीच इंच, घरापासून दूर. लेव्हल ट्यूबने जोत्यावर, फाटकाशी आणि कंपाउंडच्या भिंतीवर खुणा करून घ्या. तयार फरसबंदी जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. फाटकाची पाखं आत उघडत असतील तर तेही आत्ताच मोजा. काम झाल्यावर फाटक ब्लॉकला घासतं आणि मग वेल्डरला बोलावून खालून कापावं लागतं, हे वरचेवर होतं. ढाळ रस्त्याकडे देण्यापेक्षा खडीच्या भागाकडे द्या आणि शेवटी एक शोषखड्डा घ्या. ९०० फूट अंगणावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला जवळपास ४१,८०० लिटर पाणी होतं, चार टँकरांपेक्षा जास्त. त्यातलं निम्मं जरी जमिनीत मुरलं तरी तुमच्या बोअरला ते उपयोगी आहे.

बसवताना तीन ठिकाणी मिस्त्री हात आखडता घेतो. पहिली, कडेचा कर्ब, म्हणजे काठाला धरून ठेवणारा उभा ब्लॉक. ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात म्हणूनच ते वजन पेलतात, आणि कडा सुटली की सगळी ओळ पसरायला लागते. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब हवाच. दुसरी, कच. ब्लॉकखालचा कच ३० मिलिमीटरच्या आसपास सारखा हवा, ४० च्या वर नको. तळाचे खळगे कचाने भरून लेव्हल काढली की नंतर तिथेच खचतं. आणि कचात पावडर जास्त असेल तर पाणी धरून तो मऊ पडतो. मूठभर कच काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला तर तो माल परत पाठवा. तिसरी, दरजा. ब्लॉक बसवून एकदा व्हायब्रेटर, मग बारीक कोरडी वाळू झाडूने दरजांत लोटून पुन्हा व्हायब्रेटर, दरजा भरेपर्यंत. सिमेंटचं पाणी ओतून दरजा बंद करू देऊ नका. पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकतं, आणि पुढे एखादा पाइप दुरुस्त करायला ब्लॉक उचलायची वेळ आली तर सगळे फोडावे लागतात.

गाडीच्या भागात ब्लॉक हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे एकमेकांना काटकोनात गुंतवून बसवा. ब्रेक लावताना आणि स्टेअरिंग फिरवताना येणारा जोर ते वाटून घेतात. पायवाटेला सरळ विटेसारखी रचना चालेल, कापाकापी कमी होते. काम सुरू करण्याआधी पट्ट्यांच्या खालून आडवे दोन चार-इंची रिकामे पाइप टाकून दोन्ही टोकं बूच लावून ठेवा. पुढच्या मालकाला गाडीच्या चार्जिंगची केबल न्यायची असेल, ठिबकची नळी न्यायची असेल, तर ब्लॉक उचलायला लागणार नाहीत.

दर मी मुद्दाम लिहीत नाही. मुरूम, कच आणि ब्लॉक, तिन्हींचा भाव खाणीच्या आणि यार्डाच्या अंतरावर ठरतो आणि दर काही महिन्यांनी हलतो. पण कोटेशन कसं मागायचं ते सांगतो. "सगळं मिळून फुटाला इतके" असा दर घेऊ नका. खोदाई आणि माती उचलणं, सोलिंग, मुरूम ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), दबाई, कर्ब रनिंग फुटात, कच, ब्लॉकची जाडी आणि ग्रेड, बसवणी, जीएसटी, हे सगळं वेगळं लिहून मागा. ४६१ फुटांना सहा इंच दाबलेला मुरूम म्हणजे आणताना सैल असताना जवळपास तीन ब्रास, सगळाच नवा आणायचा धरून. दोन कोटेशनांत मोठा फरक दिसला तर तो जवळजवळ नेहमी तळाच्या ओळींत असतो, कोणीतरी तीन इंच मुरूम धरलेला असतो. मोजमाप काम झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर टेप लावून करायचं, हेही लिहून घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या: माल आल्यावर, तळाची दबाई तुम्ही गाडी चालवून बघितल्यावर आणि दरजा भरून झाल्यावर.

नवीन ब्लॉकवर सुरुवातीला पांढरी पूड येते, तो लोणा. तुमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने तो थोडा जास्त दिसेल. कोरड्या झाडूने झाडत राहा, दोन-तीन पावसांत बराचसा जातो. टाइल साफ करायचं अ‍ॅसिड त्यावर टाकू नका, ते सिमेंट खातं आणि ब्लॉक खरवडल्यासारखा दिसतो. वरून चमक आणणारं सीलरही लागत नाही.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढा. काळी माती कोरडी असते, खोदाई स्वच्छ होते आणि पावसाआधी दरजा बसायला महिनाभर मिळतो. ऑर्डर देताना त्याच लॉटचे पन्नासेक ब्लॉक जास्त घ्या आणि जिन्याखाली रचून ठेवा. पहिला मोठा पाऊस पडून गेला की अर्ध्या तासाने छत्री घेऊन अंगणात एक चक्कर मारा आणि जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे खडूने गोल करा. पाणी ओसरल्यावर त्या गोलातले ब्लॉक काढून, कच सारखा करून पुन्हा बसवायला मिस्त्रीला एक दिवस पुरतो, आणि हा एक दिवस आधीच कोटेशनमध्ये लिहून घेता येतो.